औशाच्या आकाशाला शास्त्रज्ञ हवा

प्रश्न : मी औशात विज्ञान शिकवतो. शाळेत दुर्बीण नाही, जवळपास तारांगण नाही. पुण्या-मुंबईचे खगोलशास्त्रज्ञ आमच्या मुलांसाठी नेमकं काय करू शकतात? एखादं व्याख्यान देऊन गेले की झालं का?
– एक शिक्षक, औसा

उत्तर : सर, नुसत्या व्याख्यानाने भागत नाही. भाषण ऐकताना मुलं माना डोलावतात; खरा प्रश्न त्यांना सुचतो तो पाहुण्यांची गाडी निघून गेल्यावर. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला शास्त्रज्ञ हाताशी असणं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी हे बरोबर ओळखलं होतं. भाषण संपलं की मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची. ते सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल, असं सांगत. आणि खरोखर उत्तरं पाठवत. सही हवी तर आधी डोकं चालवायला हवं, आणि पोस्टकार्डावर जागा थोडी, म्हणून प्रश्नही नेमका हवा! त्यांनी १९८८ साली पुण्यात उभी केलेली ‘आयुका’ संशोधनाची संस्था. तरी तिथे शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं सुरू झाली, पु. ल. देशपांड्यांच्या कुटुंबाच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली आणि अरविंद गुप्तांनी तिथे वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. पोस्टकार्डाची ती रीत मात्र कोणत्याही शास्त्रज्ञाला आजही पाळता येईल. आता तर फोनवर प्रश्न पाठवायला तिकीटही लागत नाही.

दुसरं काम आपल्या मराठवाड्यातच वाट पाहतंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत लेझरचा प्रकाश. लहर आली की या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो आणि तोच पकडायचा असतो. त्यामुळे जमिनीचा बारीकसा हादराही तिथे अडचण होतो. आरसे टांगून, थरावर थर देऊन ते हादरे अडवावे लागतात.

हे समजावायला येणाऱ्या शास्त्रज्ञाने औशात सुरुवात इथूनच करावी. किल्लारी याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्यांनी सोसली, त्यांना जमीन हलणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. औंढ्याच्या यंत्राने भूकंप तर होणार नाही ना, असं एखादी आजी विचारील. तिला हसू नये. हे यंत्र जमिनीला धक्का देत नाही, फक्त आलेली लहर टिपतं, हे तिच्या अंगणात बसून सांगावं. अफवा पसरण्याआधी सांगितलं तर ते पटतं.

तिसरं काम दुर्बिणीशिवाय होतं, आणि ते मला फार आवडतं. औसा साधारण सव्वाअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे दरवर्षी १२-१३ मेच्या सुमारास दुपारी बारा-वीसला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच मावते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैच्या ३०-३१ तारखेला तो पुन्हा येतो, पण ढगांचा भरवसा नसतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून मुलांना घराच्या गच्चीवरच करायला सांगा. एक मीटरची काठी गवंड्याच्या ओळंब्याने उभी करायची, बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची.

शास्त्रज्ञाची गरज इथे लागते. औशाच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, सुमारे ६६० किलोमीटरवर म्हैसूर आहे. त्याच दुपारी तिथल्या एक मीटरच्या काठीची सावली दक्षिणेकडे सुमारे दहा सेंटिमीटर पडेल, म्हणजे कोन जवळपास सहा अंशांचा. ६६० किलोमीटरला सहा अंश, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडलं की ३९,६०० किलोमीटर येतात. पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी हेच केलं. म्हैसूरच्या शाळेची ओळख तुम्हाला कोण करून देणार? शास्त्रज्ञांची माणसं गावोगावी असतात. त्यांनी दोन शाळा जोडून द्याव्यात, मोजमापात कुठे चुकलं ते पाहावं, बाकी मुलांना करू द्यावं.

तेव्हा आयुकाला पत्र लिहा. ‘एकदा व्याख्यानाला या’ असं लिहू नका. येत्या मेसाठी म्हैसूरकडची एक शाळा जोडून द्या आणि वर्षभर आमच्या प्रश्नांना उत्तरं देणारा एक संशोधक द्या, असं मागा. सोबत मुलांचे दहा प्रश्न त्यांच्याच अक्षरात पाठवा.