गळाने मरळ धरण्याची योग्य रीत

महाराष्ट्रातील गावतळी, संथ ओढे व नद्यांचे डोह यांवर गळ टाकणाऱ्या माणसास जे मासे विशेष प्रिय असतात, त्यांत मरळ अग्रभागी आहे. तो गळास जोराने झोंबतो, त्याच्या मांसात बारीक काटे थोडे असतात आणि तो जिवंत स्थितीत बाजारी नेता येत असल्यामुळे त्यास भावही चांगला मिळतो. तथापि, जी रीत सर्वांत सोपी म्हणून अनेकजण अवलंबितात, तीच या माशाच्या नाशास कारण होते. म्हणून मरळ कसा धरावा याबरोबरच तो केव्हा धरू नये, हेही शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ओळख व सवयी

मरळीचे शरीर लांबट व गोलसर असून डोके सापासारखे चपटे असते. आपल्याकडे पट्टेरी मरळ व मोठी मरळ या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. मोठ्या मरळीच्या शेपटीच्या बुडाशी फिकट कडा असलेला काळा ठिपका असतो. कल्ल्यांच्या वर हवा साठविण्याची पोकळी असल्यामुळे हा मासा पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. त्यास वर येऊ दिले नाही, तर तो पाण्यातही गुदमरून मरतो. गढूळ व कमी प्राणवायूच्या पाण्यात तो तग धरतो, त्याचे कारण हेच. लहान मासे, झिंगे, किडे व बेडूक हे त्याचे खाद्य होय. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून तो भक्ष्यावर अकस्मात झडप घालतो.

साहित्य

१० ते १२ फूट लांबीची चिवट बांबूची काठी व सुमारे १० किलो वजन पेलणारा तंगूस एवढ्यावर काम भागते. रीळ असलेली काठी ६ ते ७ फुटांची पुरते. मरळीचे दात तीक्ष्ण असल्याने गळाच्या वर वीतभर बारीक पोलादी तार जोडावी. आमिष म्हणून गांडूळ, झिंगा किंवा लहान मासा चालतो. जिवंत बेडूक लावण्याची जुनी चाल सोडून द्यावी. बेडूक पिकावरील किडी खातो. या हानीचा विचार होऊनच भारत सरकारने १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली. आता बाजारात रबराचा पोकळ बेडूक मिळतो. त्याचे गळ अंगालगत दडलेले असल्यामुळे ते शेवाळात अडकत नाहीत.

रीत

सकाळी लवकर किंवा सायंकाळी काठावर पावलांचा आवाज न करता उभे राहावे. हवा घेण्यासाठी मासा वर आला की पाण्यावर वलय उठते. त्या जागेच्या थोडे पलीकडे आमिष टाकून ते कमळाच्या पानांच्या कडेने हळूहळू ओढीत आणावे. झडप पडताच घाईने झटका देऊ नये. दोऱ्यावर वजन जाणवल्यावर काठी जोराने वर उचलावी आणि मासा वनस्पतींत शिरण्यापूर्वी त्यास मोकळ्या पाण्याकडे खेचावे. धरलेला मासा थोडे पाणी घातलेल्या रुंद भांड्यात ठेवावा. भांडे काठोकाठ भरून घट्ट झाकू नये.

पिलांची राखण करणारी मरळ

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर मरळीची वीण सुरू होते. जोडी काठालगतच्या उथळ पाण्यात वनस्पती बाजूला सारून जागा करते. तेथे तरंगणारी पिवळसर अंडी घातली जातात आणि ती एक-दोन दिवसांत फुटतात. पट्टेरी मरळीची पिले तांबूस असून ती दाट थव्याने फिरतात. हवा घेण्यासाठी थवा वर आला की पाण्यावर तांबडा डाग हलल्यासारखा दिसतो. त्याच्या खालीच राखण करणारा मोठा मासा असतो.

थव्याजवळून जे काही जाईल त्यावर हा मासा धावून जातो. ही धाव भुकेची नसून पिलांच्या रक्षणाची असते. त्यामुळे थव्यावर गळ टाकताच मरळ हमखास सापडते. मात्र राखणदार गेला की इतर मासे, पाणसाप व पक्षी पिलांचा फडशा पाडतात. एका माशाच्या मोबदल्यात त्या वर्षीची सारी वीण जाते. असे दोन-तीन हंगाम झाले, तर लहान तळ्यातील मरळ नाहीशी होण्यास वेळ लागत नाही.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. मृगापासून हस्तापर्यंत मरळीसाठी गळ टाकू नये. पिलांचा थवा दिसल्यास, महिना कोणताही असो, तेथून दूर व्हावे.

२. ३० सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ओल्या हाताने सोडवून पाण्यात परत सोडावा.

३. रोहू, कटला यांचे बीज सोडावयाच्या तळ्यात मरळ ठेवू नये, कारण ती बोटुकली खाते. अशा तळ्यातून ती बीज सोडण्यापूर्वीच काढावी.

४. अंगावर व्रण असलेला मासा दुसऱ्या तळ्यात नेऊ नये. १९८८ साली भारतात शिरलेल्या व्रणरोगाने मरळीची मोठी हानी केली आहे.

५. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असल्यास तिची परवानगी घ्यावी. सुरुंग वा विष वापरून मासे मारणे हा कायद्याने गुन्हा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी गावातील गळ टाकणाऱ्या मंडळींना, विशेषतः मुलांना, तळ्याच्या काठी नेऊन तांबड्या पिलांचा थवा प्रत्यक्ष दाखवावा. थवा ओळखता आला म्हणजे तो राखणेही सोपे जाते. पावसाळ्यात ज्यांनी हात आवरला, त्यांना पुढील हंगामांतही त्याच तळ्यात मरळ मिळत राहील.