देणं आधी, खरेदी मागून

यंदा पहिल्यांदाच दिवाळी तुझ्या घरी आणि आम्ही सगळे पाहुणे. परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, सुरुवात कुठून करू?" आणि साफसफाई, फराळ, कपडे, आकाशकंदील अशी यादी वाचून दाखवलीस. यादी चांगली आहे, पण पोरी, जे सगळ्यांत वर हवं तेच तिच्यात राहिलंय. आधी देण्याचा कागद कर. बाकीचं मागून.

कोजागिरी झाली की एका संध्याकाळी तू आणि नवरा, दोघं बसा आणि नावं लिहा. घरकामाच्या मावशी, जिना झाडणारे, दिवसाचे वॉचमन, रात्रीचे वॉचमन, कचऱ्याची गाडी आणणारे, पेपर टाकणारा मुलगा, इस्त्रीवाले, गाडी धुणारा. नाव ठाऊक नसेल तर त्यांनाच विचार. वर्षभर दारावर येणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक असायलाच हवं. प्रत्येकापुढे रक्कम लिही, तेवढे पैसे काढून पाकिटांत घाल, पाकिटांवर नावं टाक आणि ती कपाटात ठेवून दे. मग राहिलेल्या पैशांत तुझी साडी, त्याचा कुर्ता, घराचे पडदे. उलट क्रमानं गेलीस तर उरेल त्यातून पोस्त द्यायची वेळ येते, आणि दिवाळीत शेवटी काही उरत नसतं.

मावशींना किती द्यायचं, हे तू विचारलं नाहीस तरी सांगते. एक महिन्याचा पगार. बोनसचा कायदा १९६५ साली आला आणि पुढे त्यात किमान दर ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, साधारण एक महिन्याचा पगार. तुझ्या आजोबांच्या कारखान्यात त्यासाठी युनियन होती, वाटाघाटी होत्या. घरकाम करणाऱ्या बाईमागे यातलं काही नाही. बोनसचा कायदा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून आपल्या घरापुरता आपणच तो लावायचा. त्यात घासाघीस नको, आणि "या वर्षी चार सुट्ट्या जास्त झाल्या" हा हिशेब तर नकोच नको.

आणि पाकीट कधी द्यायचं, यालाही महत्त्व आहे. वसुबारसेच्या निदान आठवडाभर आधी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिलंस तर तिच्या मुलांचे कपडे कधी यायचे? तिलाही बाजारात जायचंय, रवा-साखर भरायचीय, गर्दी वाढायच्या आत. दारात उभ्या उभ्या देऊ नकोस. आत बसव, चहा टाक, आपण पितो त्याच कपात दे, दोन घटका तिच्या घरचं विचार आणि मग पाकीट हातात ठेव. पाडवा आणि भाऊबीज, दोन्ही दिवस तिला सुट्टी दे. तिलाही भाऊ आहे.

फराळाचा डबा तिला भाऊबीजेनंतर दिलेला मी अनेक घरांत पाहिलाय. चिवडा मऊ पडला, लाडूंना वास यायला लागला, की आठवण होते. तसं करू नकोस. देवापुढे नैवेद्य दाखवलास की पहिला डबा तिचा भर, घरच्यांची ताटली त्यानंतर. जुने कपडे द्यायचे तर वर्षात कधीही दे, धुऊन, बटणं लावून दे, पण दिवाळीची भेट म्हणून देऊ नकोस. भेट नवीच असावी, मग ती साधा टॉवेल का असेना.

आता फराळ. सगळं घरीच व्हायला हवं असा माझा हट्ट नाही. तू नोकरी करतेस. शेव, शंकरपाळे बचत गटाच्या बायकांकडून घे, चांगले करतात आणि त्यांच्या घरी दोन पैसे जातात. पण तीन गोष्टी घरी कर: चकली, अनारसे आणि करंजी. पहिल्या दोन्हींना धीर लागतो आणि तिसरीला माणसं लागतात, म्हणून.

चकलीच्या भाजणीचं माप चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धणे आणि थोडे जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत वाळव, मग प्रत्येक जिन्नस वेगळा भाज, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत. पोहे नुसते गरम कर. गिरणीत ज्वारी किंवा तांदळावर दळून घे, गव्हावर नको. उकड काढताना वाटीला वाटी पाणी. त्यात तेलाचं मोहन, तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ. पाण्याला उकळी आली की गॅस बंद कर, पीठ घाल, झाकून ठेव आणि कोमट झाल्यावर पाण्याचा हात लावत चांगलं मळ. सोऱ्यातून पडताना चकली तुटली तर पीठ घट्ट आहे, पाण्याचा हबका मार. तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळ. बाहेर काढल्यावर मऊ पडली तर घाईनं काढलीस. तेलातले बुडबुडे बसेपर्यंत ती काढायची नाही.

अनारशाचे तांदूळ कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीच भिजत घाल, म्हणजे दिवस पुरतात. तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून पंचावर सावलीत पसर आणि हाताला जरा दमट लागताहेत तोवरच वाटून, चाळून घे. पिठाइतक्याच वजनाचा किसलेला गूळ, चमचाभर तूप, घट्ट मळून डब्यात दाबून ठेव, पाच-सहा दिवस. तळताना खसखशीची बाजू वर, अनारसा उलटायचा नाही, झाऱ्यानं तूप उडवत राहायचं, की जाळी पडते. पहिला अनारसा तुपात हसला, पसरून फुटला, तर घाबरू नकोस, पिठात किंचित तांदळाची पिठी मिसळून पुढचा टाक. माझ्या सासूबाई पहिला अनारसा नेहमी एकटाच सोडायच्या, बघण्यासाठी.

करंजीचं म्हणशील तर ती एकटीनं करायची वस्तूच नाही. मिरजेला आमच्या वाड्यात आज एकीकडे, उद्या दुसरीकडे अशा पाळ्या लागायच्या. पोळपाट-लाटणं घेऊन सगळ्या जायच्या. एकीनं लाटायचं, दुसरीनं भरायचं, तिसरीनं कातण्यानं कापायचं, चौथी कढईशी. केलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या, नाहीतर सुकून तेलात उकलतात. तुझ्या मजल्यावरच्या दोघी-तिघींना बोलाव. तुझ्या नवऱ्याला, आमच्या नातवाला, कढईशी बसव, त्याला येतं, मी शिकवलंय. मुलांना कातणं दे. ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवसांत संपतील एवढ्याच कर, बाकी सुक्या खोबऱ्याच्या. आणि त्या दुपारी टीव्ही लावू नका. वर्षभर जे बोलायचं राहून जातं ते करंज्या भरताना निघतं. माझ्या नणंदेनं तिच्या दुखण्याची गोष्ट पहिल्यांदा काढली ती हातात सारणाचा चमचा असताना.

फराळाचे डबे पाठवताना एक चौकशी जरूर कर: यंदा बिल्डिंगमध्ये, नात्यात, ऑफिसात कुणाच्या घरी माणूस गेलंय का? त्या घरी त्या वर्षी कढई चढत नाही. आपल्याकडे चाल अशी की तिथे फराळ इतरांनी पोचवायचा. ही चाल फार शहाणी आहे, ती मोडू देऊ नकोस. डबा वॉचमनकडे ठेवून येऊ नकोस. स्वतः जा, बस, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोल. लोक नाव टाळतात, आणि घरच्यांना तेच ऐकायचं असतं.

तुझे आजोबा गेल्यावर पहिल्या दिवाळीला मी आतल्या खोलीत बसले होते. नरकचतुर्दशीची पहाट, बाहेर पाटावर मुलं बसलेली, ओवाळायची वेळ. माझी धाकटी जाऊ आत आली, निरांजनाचं तबक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वहिनी, दर वर्षी तुम्हीच ओवाळता. चला." कुणी काही बोललं नाही. मी ओवाळलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा मला जावेचा तो हात आठवला. तुझ्या घरी तुझी मावससासू येणार आहे, तिचेही यजमान गेलेत. तिच्या कपाळाला कुंकू लाव, तबक तिच्या हातात दे, आणि हे सगळ्यांसमोर कर. दिवाळीत याहून मोठं देणं मला ठाऊक नाही.

त्याच पहाटेची आणखी एक गोष्ट. घरची बाई सगळ्यांच्या आधी उठते, पाणी तापवते, एकेकाच्या डोक्याला तेल लावते, उटणं लावते आणि स्वतः शेवटी दोन तांबे घाईनं ओतून घेते. तुझ्या डोक्याला तेल कोण लावणार, हे आदल्या रात्रीच ठरव. मी येणारच आहे, मी लावीन. पण पुढच्या वर्षी मी नसले तर नवऱ्यानं लावायचं.

भाऊबीजेच्या ओवाळणीवरून घराघरांत नको ती तुलना होते, थोरल्यानं इतके घातले, धाकट्यानं तितके. भावाची ऐपत बघून नाही, त्याचं येणं बघून खूश हो. ज्याला रजा नाही त्याला तूच फोन कर. जिला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. पण तुझ्या शेजारची ती नर्स मुलगी एकटी राहते म्हणालीस ना, तिला जेवायला बोलाव, आमच्या नातवाला ओवाळू दे. आणि भाऊबीजेच्या नावानं एक रक्कम बाहेरही जाऊ दे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली लावलेल्या, पुण्यातल्या हिंगण्याच्या संस्थेत भाऊबीज निधीची जुनी परंपरा आहे. कार्यकर्त्या घरोघर फिरून लहान-लहान रकमा गोळा करतात, मुलींच्या शिक्षणासाठी. माझी आई वर्षाला चार आणे द्यायची आणि पावती देवघरात ठेवायची. आता चार आणे नाहीत, पावती अजून ठेव.

मुलांनी किल्ला केला तर चिखल झाला म्हणून ओरडू नकोस. मोहरी किंवा अळीव आठ दिवस आधी पेरायला सांग, म्हणजे दिवाळीपर्यंत हिरवळ येते. घरात एक दिवाळी अंक हवाच. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात ही रीत आहे. वाचून झाला की तळमजल्यावरच्या काकांना नेऊन दे, त्यांची नजर कमी झाली असेल तर अर्धा तास वाचून दाखव.

राहिला पाडवा. साडेतीन मुहूर्तांतला हा अर्धा. बळीराजाचा दिवस. समोर उभ्या बटूनं तीन पावलं जमीन मागितली, शुक्राचार्यांनी सावध केलं, तरी दिलेला शब्द त्यानं फिरवला नाही. म्हणून त्या दिवशी बायका बळीचं राज्य येवो म्हणतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीला गरिबांचा राजा म्हणून पुढे आणलं. या दिवशी संकल्प करायचा म्हणतात, पण दिल्या शब्दाचा असा दिवस वजन कमी करण्याच्या संकल्पात घालवावा, असं मला वाटत नाही.

संकल्प करायचा तर तो एकच असावा, आणि त्यात दुसऱ्या कुणाचं तरी नाव असावं. "घरच्यांना वेळ देईन" हा संकल्प नव्हे, त्याला धरायला काही नाही. "दर रविवारी सकाळी दहा वाजता आईला फोन करीन", "दर महिन्याच्या पाच तारखेला मावशींच्या मुलीच्या क्लासची फी भरीन", "आजारी काकांना महिन्यातून एकदा भेटून येईन", हे संकल्प. दिवस ठरलेला, माणूस ठरलेला. वर्षभराचा करू नकोस. या पाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत कार्तिक ते फाल्गुन पाच महिने आहेत, तेवढ्यासाठीच कर. निभला तर गुढी उभारल्यावर पुढे ने. मध्ये एखादा रविवार चुकला तर सोमवारी फोन कर, संकल्प मोडला असं समजून सोडून देऊ नकोस. तो व्यापाऱ्याच्या नव्या वहीसारखा पहिल्या पानावर लिही, आणि नवऱ्यानं त्याचा समोरच्या पानावर लिहावा. एकमेकांचं वाचा, विचारा, आठवण द्या.

आणि एक संकल्प मी तुमच्या दोघांसाठी सुचवते, पटला तर घ्या. आमच्या नातवाचं आणि त्याच्या चुलत्याचं घराच्या वाटणीवरून तीन वर्षं बोलणं नाही. चूक कुणाची, ते मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. पाडव्याला तू ओवाळलंस, त्यानं ओवाळणी घातली, की जेवायला बसण्याआधी त्याला काकांना फोन लावायला सांग. ते उचलतील. भाऊबीजेच्या जेवणाला काका-काकू दोघांना बोलवा, पानं दोन जास्त मांडा.