जिवंत अधिक कीं मृत अधिक ?

पृथ्वीच्या पाठीवर आज जितकीं माणसें जिवंत आहेत, तितकीं आजवरच्या सर्व काळांत मिळून मेलींहि नसतील, असें विधान आपल्या कानांवर पुष्कळदां येतें. १९७० नंतरच्या दशकांत तर, जन्मास आलेल्या एकंदर मनुष्यांपैकीं शेंकडा पंचाहत्तर या घटकेस हयात आहेत, असाहि आंकडा जगभर सांगितला जात असे. ऐकणारास तें खरें वाटतें, कारण लोकसंख्येची वाढ आपण डोळ्यांनीं पाहत असतों. १९०१ सालीं सोलापूर जिल्ह्यांत सुमारें ७ लक्ष २१ हजार माणसें होतीं. २०११ च्या खानेसुमारींत तीं ४३ लक्ष १७ हजार भरलीं. एकाच्या जागीं सहा झालीं. मग पूर्वीं मुळांत माणसेंच थोडीं होतीं, तर मेलेलीं अधिक कोठून येणार ? जुने रोमन लोक मात्र मनुष्य वारला म्हणजे तो बहुसंख्यांकडे गेला असें म्हणत. दोहोंपैकीं खरें कोणाचें, तें आपण पडताळून पाहूं.

या समजुतीच्या मुळाशीं एक खरें गणित आहे. १, २, ४, ८, १६ ही भूमितिश्रेढी घ्या. हिच्यांतील पहिल्या चार संख्यांची बेरीज १५ होते, आणि पांचवी संख्या एकटीच १६ आहे. बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, अशी मागणी राजाजवळ करणाऱ्या चतुर पुरुषाची गोष्ट विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. त्या पटावर कोणत्याहि घरांतील दाणे मागील साऱ्या घरांतील एकंदर दाण्यांहून एकानें अधिक भरतात. तेव्हां मनुष्यजात जर पिढीगणिक नेमकी दुप्पट होत आली असती, तर आजची पिढी मागील साऱ्या पिढ्यांना पुरून उरली असती. सगळी मेख त्या ‘जर’मध्यें आहे.

आतां याच्या उलट एक गांव कल्पा. गांवांत ५०० माणसें आहेत. दरसाल २० मुलें जन्मतात आणि २० माणसें मरतात, म्हणून संख्या ५०० च्या पुढें सरकत नाहीं. पंचवीस वर्षांनीं गांव पाहणारास तें होतें तसेंच दिसेल. पण तेवढ्या काळांत ५०० माणसें, म्हणजे एक अख्खें गांव, मृत्यूनें नेलेलें असेल. शंभर वर्षांत अशीं चार गांवें. जेथें वाढ नाहीं तेथें मृतांची संख्या जिवंतांच्या बरोबरीस येण्यास एक पिढी पुरते. म्हणून विचारावयाचें तें इतकेंच कीं, मनुष्याचा इतिहास बुद्धिबळाच्या पटासारखा आहे कीं या गांवासारखा ?

उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्याचे जुने आंकडे पुरेसे आहेत. १८७२ च्या खानेसुमारींत सोलापूर जिल्ह्याची वस्ती सुमारें ७ लक्ष १९ हजार होती. १८७६ सालीं पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला. १८८१ सालीं पुन्हां मोजदाद झाली तेव्हां ५ लक्ष ८२ हजार माणसें उरलीं होतीं. शंभरांतील एकोणीस नाहींशीं झालीं. तीं सगळींच अन्नावांचून मेलीं असें नव्हे. कित्येक कुटुंबें देशोधडीस लागलीं व परत आलींच नाहींत. पुढें सुकाळ झाल्यावर १८९१ पर्यंत संख्या साडेसात लक्षांस पोंचली. तों १८९६-९७ चा दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेग, आणि त्यावर १८९९-१९०० चा दुसरा दुष्काळ. १९०१ सालचा आंकडा वर दिलाच आहे. म्हणजे एकोणतीस वर्षांत जिल्ह्याची वस्ती दोन हजारांनींहि वाढली नाहीं !

या एकोणतीस वर्षांत मुलें जन्मत नव्हतीं काय ? वस्ती सरासरीनें पावणेसात लक्ष धरा व दरसाल दरहजारीं ४० जन्म धरा. त्या काळच्या मानानें हें प्रमाण कमीच आहे. वर्षास २७ हजार, आणि एकोणतीस वर्षांत ७ लक्ष ८३ हजार मुलें होतात. इतके जन्म होऊनहि वस्ती जागच्या जागींच राहिली. म्हणजे तितकींच माणसें मेलीं किंवा मुलूख सोडून गेलीं. लाख-दीड लाख गेलीं असें मानलें, तरी एकाच पिढीच्या काळांत सव्वासहा ते पावणेसात लक्ष मृत्यु पदरीं येतात. आपला जिल्हा त्या कल्पिलेल्या गांवासारखा होता. त्यापूर्वींचीं शतकें याहून सुखाचीं होतीं असें मानण्यासहि जागा नाहीं. १३९६ सालापासून बारा वर्षें चाललेला म्हणून सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ महाराष्ट्रास विसरतां आला नाहीं, आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं बेदरच्या बादशहाचें कोठार भुकेल्यांस मोकळें केल्याची कथा तर आपल्याच जिल्ह्याची आहे.

मग हे मृत आपल्या हिशेबांतून निसटतात कसे ? घरांतील वंशावळ काढून पाहा. वर एक मूळपुरुष, खालीं दोन पुत्र, त्यांखालीं पांच, त्यांखालीं अकरा; थेट बुद्धिबळाचा पट ! परंतु वंशावळींत नांव त्याचेंच येतें, जो वाढला आणि ज्याचा वंश चालला. मुलींचीं नांवें बहुधा वगळलेलीं असतात; आणि पांचवीस, बाराव्यास, पहिल्या उन्हाळ्यांत गेलेलीं बाळें तर कोठेंच लिहिलेलीं नसतात. आठ-दहा बाळंतपणें होऊन तीन-चार मुलें हातीं लागलीं, असें जुन्या बायकांच्या तोंडून पालकांपैकीं अनेकांनीं ऐकलें असेल. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांचेंहि नव्हतें. याचा अर्थ सर्व माणसें पंचविशीच्या आंत मरत असा नव्हे. साठी गांठणारे तेव्हांहि होते, पण त्यांच्या मागें न वाढलेल्या मुलांची मोठी रांग होती.

सबंध जगाचा असा हिशेब वॉशिंग्टन येथील पॉप्युलेशन रेफरन्स ब्युरो या संस्थेनें मांडिला आहे. प्राचीन काळीं आयुष्य इतकें अल्प होतें कीं नुसता वंश टिकण्यासहि दरसाल दरहजारीं ८० जन्म लागले असावेत, असें तिनें धरिलें. इसवी सनाच्या आरंभीं जगांत सुमारें ३० कोटि माणसें होतीं. १६५० च्या सुमारास ५० कोटि. साडेसोळा शतकांत एकदांहि दुप्पट नाहीं ! २०२२ पर्यंत जन्मलेल्यांची एकूण संख्या तिनें ११,७०० कोटि काढिली. त्यांपैकीं ५,५०० कोटि इसवी सनापूर्वींच होऊन गेले. २०२२ च्या नोव्हेंबरांत हयात होते ८०० कोटि, म्हणजे शंभरांत सात. एका जिवंतामागें तेरा-चौदा मृत. हा अंदाजच आहे, आणि मनुष्याचा आरंभ केव्हां धरावा यावर तो कांहींसा बदलतो. परंतु आरंभ ५० हजार वर्षांपूर्वींच्या सुमारास न धरितां आणखी १ लक्ष ४० हजार वर्षें मागें नेला, तरी बेरजेंत एक हजार कोटींहून कमीच भर पडली, कारण त्या काळीं माणसें अगदीं विरळ होतीं.

पुढें तरी जिवंतांची सरशी होईल काय ? तसें दिसत नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत जगाची वाढ सर्वांत वेगवान, म्हणजे दरसाल शेंकडा दोन होती, आणि तेव्हांहि दुप्पट होण्यास पस्तीस वर्षें लागलीं असतीं. आतां ती शेंकडा एकाच्याहि खालीं आली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांत एका स्त्रीमागें सरासरी १.७ मुलें आढळलीं. पटावरील पुढील घरांत मागील घराइतकेहि दाणे पडत नाहींत. मात्र जन्मलेलें मूल आतां बहुधा वाढतें.

वर दरहजारीं ४० जन्म धरले आहेत. ते ४५ धरल्यास १८७२ ते १९०१ या काळांत जिल्ह्यांत किती मुलें जन्मलीं असतील, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें.