लहान मुलांस आरोग्याचे धडे कसे द्यावेत?

‘आरोग्य हीच खरी संपत्ती’ हे वाक्य आपल्याकडील कित्येक प्राथमिक शाळांच्या भिंतींवर ठळक अक्षरांत रंगविलेले आढळते. पहिलीतील मूल अक्षरास अक्षर जुळवून ते वाचते, दुसरीत ते त्यास पाठ होते आणि तिसरीत ते पाटीवर बिनचूक लिहून दाखविते. परंतु मधल्या सुट्टीची घंटा झाली, की तेच मूल मैदानातील मातीने माखलेल्या हातांनी जेवावयास बसते. येथे मुलाच्या स्मरणशक्तीस दोष देता येत नाही. वाक्य तर त्यास तोंडपाठ आहे. मग शिकविण्यात उणीव कोठे राहिली, याचा विचार विद्यार्थिमित्रांनी व त्यांच्या पालकांनी मिळून करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

हायस्कुलातील विद्यार्थ्यांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी सहा ते दहा वर्षांचे एखादे भावंड असतेच, आणि ते आईवडिलांच्या उपदेशापेक्षा थोरल्या भावाबहिणीच्या वागण्याकडे पुष्कळदा अधिक बारकाईने पाहत असते. दादा जेवणापूर्वी हात धुतो की नाही, ताई रस्त्यावरचे उघडे पदार्थ खाते की नाही, हे त्याच्या दृष्टीतून सुटत नाही. तेव्हा आपली इच्छा असो वा नसो, हायस्कुलातील प्रत्येक विद्यार्थी आपल्या घरी आरोग्याचा शिक्षक झालेलाच आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनाची ठेवण प्रथम ध्यानात घ्यावयास पाहिजे. डोळ्यांस दिसते, हातास लागते, जिभेस कळते, तेवढेच त्यास खरे वाटते. रोगजंतू त्यास दिसत नाहीत आणि वीस वर्षांनी होणारा रोग त्याच्या कल्पनेत मावत नाही. यास्तव लहान मुलांस आरोग्य शिकवावयाचे ते एका ठराविक क्रमाने शिकवावे: आधी सोय करावी, मग कृती करून दाखवावी, मग ती रोज ठरल्या वेळी मुलाकडून करवून घ्यावी, त्यानंतर कारण सांगावे आणि सुविचार सर्वांत शेवटी भिंतीवर लिहावा. आपण बहुधा शेवटच्या पायरीपासून आरंभ करतो व तेथेच थांबतो.

हा क्रम काही नवीन नाही. तो आपल्या विदर्भाच्याच मातीत सिद्ध झालेला आहे. श्रीसंत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांच्या कार्याची पद्धत सर्वांस ठाऊक आहे. गावात शिरताच ते हाती खराटा घेऊन रस्ते झाडू लागत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. दिवसभर लोकांनी झाडणारा हात पाहिलेला असे. म्हणून रात्री त्याच माणसाच्या तोंडून निघालेला स्वच्छतेचा बोध त्यांच्या अंतःकरणास भिडे. कीर्तन आधी व खराटा मागाहून, असा क्रम असता, तर तोच परिणाम झाला असता काय, याचा वाचकांनीच विचार करावा.

दुसरे उदाहरण शाळेचेच आहे. दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, व तिच्यातून ‘नई तालीम’ म्हणून ओळखली जाणारी शिक्षणपद्धती उदयास आली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्यात शास्त्र या विषयातच शरीरज्ञान व आरोग्य यांस स्थान देण्यात आले होते. सेवाग्राम येथील शाळेचे काम श्री. आर्यनायकम् व सौ. आशादेवी या दांपत्याने पाहिले. तेथील मुले परिसर झाडीत, भाजीपाला लावीत, स्वयंपाकात हात लावीत, सूत कातीत. आणि या कामांतूनच त्यांस गणित, भाषा व शास्त्र शिकविले जाई. कालांतराने ती शाळा बंद पडली. परंतु २००५ साली त्याच आवारात ‘आनंद निकेतन’ या नावाने शाळा पुन्हा सुरू झाली. ज्या मुलाने स्वतः वाफा खणून पालक लावला, त्यास पालक खाण्याचा आग्रह करावा लागत नाही; आपल्या हातचे पीक त्यास गोड लागते.

आता हा क्रम आपल्या कन्हानच्या जीवनास कसा लावावा, ते पाहू.

प्रथम पाणी व हात. सातपुड्यात उगम पावून वैनगंगेस मिळणारी कन्हान नदी आपल्या दारावरून वाहते आणि नागपूर शहराची काही अंशी तहानही तिच्या पाण्याने भागते. अशा नदीकाठच्या मुलास एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते: डोळ्यास निर्मळ दिसणारे पाणी पिण्यास निर्दोष असेलच असे नाही. पाणी शुद्ध करून भरले, तरी माठात बोटांसकट पेला बुडविला, की ते पुन्हा दूषित होते. यासाठी मुलास व्याख्यान देण्याचे कारण नाही. माठावर झाकण ठेवावे आणि शेजारी त्याचा हात पोहोचेल अशा खुंटीस लांब दांड्याचे ओगराळे टांगावे. ओगराळे उंच फळीवर राहिले, तर मूल पेलाच बुडविणार.

साबणाची महती मुलांस पटविण्याचा एक सोपा प्रयोग आहे. दोन मुलांच्या तळहातांस थोडे गोडे तेल व कोळशाची बारीक पूड चोळावी. कोळशाची पूड मिळविणे खाणींच्या या गावात मुळीच अवघड नाही. एकाने नुसत्या पाण्याने हात धुवावेत, दुसऱ्याने साबण लावून बोटांच्या बेचक्या व नखे चोळीत वीस सेकंद धुवावेत. पहिल्याचे हात काळेच राहतात, दुसऱ्याचे उजळतात. हाताच्या तेलकटपणास चिकटलेला मळ पाण्यास दाद देत नाही, साबण मात्र त्यास सोडवितो. व मळाबरोबर न दिसणारे जंतूही वाहून जातात. ही गोष्ट मुले आपल्या डोळ्यांनी पाहतात आणि घरी जाऊन आईस सांगतात. साबणाने हात धुण्याच्या सवयीने अतिसाराचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते, असे अनेक देशांतील पाहणीवरून दिसून आले आहे. अतिसार लहान मुलांचे प्राण घेणारा रोग आहे, हे लक्षात घेतले म्हणजे साबणाच्या वडीची किंमत कळते.

तथापि एक सावधगिरी अवश्य बाळगावी. प्रार्थनेच्या वेळी नखे व हात तपासण्याची रीत चांगली आहे. पण तपासणीचा शेवट चारचौघांत खडसावण्यात होत असेल, तर मूल स्वच्छता न शिकता हात पाठीमागे लपविण्यास शिकते. ज्या घरी साबण महिनाअखेरीस संपतो, त्या घरच्या मुलाचा यात काय अपराध? शाळेत नळाजवळ साबण व वर्गाच्या कपाटात नखे कापण्याचे साधन ठेवावे, आणि नखे वाढलेली दिसली, तर तेथेच प्रेमाने कापावीत. स्वच्छतेशी लाजेचा संबंध जोडला गेला, की मुलास स्वच्छतेचीच अप्रीती वाटू लागते.

पायांकडेही लक्ष पुरवावे. अंकुशकृमी नावाचा बारीक जंत ओल्या, घाण मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतो, आतड्यास चिकटतो व रक्त शोषतो. मूल फिके पडते, लवकर थकते, वर्गात त्यास डुलक्या येतात. आणि आपण त्यास आळशी म्हणतो! फेब्रुवारी २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो व शाळांतून जंतनाशक गोळी दिली जाते. पालकांनी त्या दिवशी मुलास अवश्य शाळेत पाठवावे. परंतु गोळी पोटातील जंत मारते, मातीतील नव्हे. म्हणून शौचालयाचा उपयोग, पायात चप्पल व जेवणापूर्वी धुतलेले हात या तिन्ही गोष्टी गोळीच्या जोडीस हव्यात.

आहाराचा विषय याहून नाजूक आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय बालकांपैकी शेकडा ६७ बालकांत रक्ताची न्यूनता आढळली. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. दिनांक १५ ऑगस्ट १९९५ पासून प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार योजना सुरू झाली; २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजविलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला; आणि २०२१ साली योजनेस ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ हे नाव मिळाले. या योजनेत प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरविण्यात आले. शिक्षकांनी एके दिवशी तराजू आणून हे प्रमाण मुलांकडूनच तोलवावे. गणिताचा पाठ तर होईलच. शिवाय वीस ग्रॅम डाळ म्हणजे अवघी ओंजळीच्या तळाशी मावणारी, हे पाहून दिवसाच्या उरलेल्या जेवणांत घरानेही डाळ-भाजीची भर घातली पाहिजे, हे सर्वांच्या ध्यानी येईल.

याकरिता महाग जिन्नस लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची वा मेथीची भाजी, जवसाची चटणी, हंगामात संत्रे किंवा आवळा, हे आपल्या भागातील साधे अन्न उत्तम पोषक आहे. पालेभाजीवर लिंबू पिळले, तर तिच्यातील लोह शरीरास अधिक लाभते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला, तर लोहाचे शोषण कमी होते. सकाळी चहात बुडविलेल्या दोन बिस्किटांवर मुलास शाळेत पाठविण्याची चाल म्हणूनच सोडावयास हवी. रात्रीची भाकरी दुधात कुस्करून दिली, तरी ती त्याहून कितीतरी सरस न्याहारी होय.

खेळ, झोप व ऊन यांविषयी थोडक्यात सांगतो. शाळेत जाणाऱ्या मुलाने रोज किमान साठ मिनिटे घाम येईपर्यंत खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे; आणि मोबाइल फोनच्या पडद्यासमोर बोटे हलविण्यास खेळ म्हणता येत नाही. प्राथमिक वयाच्या मुलास नऊ तासांची तरी झोप हवी. ती मिळावी म्हणून रात्री तो पडदा सर्वांनीच बाजूस ठेवावा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे चढतो, व याच कारणाने विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांहून उशिरा उघडतात. दुपारी खेळ बंद, बाहेर जाताना डोक्यास दुपट्टा, तहान लागण्याआधीच पाणी, आणि घरी ताक किंवा कैरीचे पन्हे, एवढे नियम लहान मूलही पाळू शकते.

शेवटचा विषय अवघड आहे; पण तो टाळला, तर वर लिहिलेले सर्व व्यर्थ होईल. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा आपल्या भागात घरोघरी शिरला आहे. सुपारीने तोंडाच्या आतील त्वचा ताठर होत जाऊन तोंड उघडेनासे होते, आणि सुपारी व तंबाखू या दोहोंपासून मुखाचा कर्करोग उद्भवतो. २००३ सालच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखूचे पदार्थ विकण्यास, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ते विकण्यास मनाई आहे. तरीदेखील “जा रे बाळ, कोपऱ्यावरून खर्रा घेऊन ये,” असे म्हणून आपल्याच मुलाच्या हाती पैसे ठेवणारे वडील आपल्यात आहेत. शाळेत गुरुजींनी तासभर तंबाखूचे दुष्परिणाम सांगावेत आणि सायंकाळी त्याच मुलाने पानठेल्यावर उभे राहावे! त्या मुलाने कोणता पाठ खरा मानावा? ते दोन्ही पाठ शिकते: चांगले बोलावे कसे हे शाळेत, व वागावे कसे हे घरी. खाणीत अथवा कारखान्यात पाळी करून थकून आलेल्या वडिलांस व्यसन एका दिवसात सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मुलाच्या हातून खर्रा आणविणे आजच बंद करता येते. एवढ्या एका गोष्टीने मुलास कळेल, की बाबांस ही वस्तू आपल्यासाठी नको आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. येत्या सुट्टीत धाकट्या भावंडाची एकच सवय निवडा: हात धुणे, ओगराळ्याने पाणी घेणे, चप्पल घालणे, कोणतीही चालेल. तिची सोय तुम्ही स्वतः करा, महिनाभर रोज त्याच्याबरोबर तुम्हीही तीच कृती करा, व मग त्यास कारण समजावून सांगा. आणि पालकहो, मूल शाळेतून येऊन “आई, आधी साबण दे,” असे म्हणाले, तर त्यास उद्धट म्हणू नका. त्या क्षणी तेच घराचे गुरुजी झालेले असते. साबण त्याच्या हाती द्या, व त्याच्या शेजारी बसून आपलेही हात धुवा.