कुरडईचं पाणी जातं कुठे?



उन्हाळ्यात कुरडयांच्या ऑर्डरी जोरात असतात. दिघीतल्या आपल्या एका गटाच्या शेडमागच्या गटाराला आंबूस वास सुटला आणि शेजाऱ्यांनी भांडण काढलं. मी गेले तेव्हा एक मावशी तावातावाने म्हणाल्या, "अगं, गव्हाचं पाणी ते! त्यात काय विष आहे?"

विष नाही, हे खरंच. पण खाऊ आहे, आणि गोम तिथेच आहे.

पाण्यातले जंतू साखर आणि पिठूळपणा खातात, आणि खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. उन्हाळ्यात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम ७-८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. एक किलो साखर पूर्ण कुजायला साधारण ११०० ग्रॅम प्राणवायू लागतो. हिशोब करा, सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू, म्हणजे दहा हजार लिटरचे चौदा टँकर! आवळा कँडीच्या कढईत उरलेला पाक गटारात ओतला की एवढं होतं. प्राणवायू संपला की मासे मरतात आणि पाणी सडून वास मारतं. जंतूंना लागणाऱ्या या प्राणवायूच्या मापाला बीओडी म्हणतात. नियमाप्रमाणे नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, सार्वजनिक ड्रेनेजमध्ये सोडताना ३५० च्या आत. फळाच्या गराचं किंवा धान्य भिजवल्याचं पाणी हजारांच्या घरात सहज जातं.

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस येतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. फेस दिसला की आपण कारखान्यांना बोल लावतो, आणि ते चुकीचं नाही. पण फेस येतो साबण-डिटर्जंटसारख्या द्रव्यांनी. आपल्या पाण्याला फेस येत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, एवढंच.

म्हणून ताई, आधी एक बघा: तुमच्या मोरीचा पाइप कशाला जोडलाय? ड्रेनेज लाइनचं पाणी मैलाशुद्धीकरण केंद्राकडे जातं. रस्त्याकडेचं पावसाळी गटार मात्र नाल्याला मिळतं आणि नाला नदीला, मध्ये कुणी शुद्ध करत नाही. त्या गटाच्या शेडचा पाइप पावसाळी गटारातच निघाला. गवंड्याने जवळचं बघून जोडून दिला होता.

आता उपाय. यातला मोठा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. गव्हाचा चीक काढताना तुम्ही काय करता? गाळता, रात्रभर स्थिर ठेवता, चीक खाली बसतो, वरची निवळी अलगद ओतता. सांडपाण्याचंही तसंच करायचं. मोरीच्या तोंडाशी जाळी लावा आणि पुढे एकाला एक जोडलेले दोन ड्रम ठेवा. तळाचा गाळ रोज काढून चोथ्याबरोबर गोठ्यात किंवा खतात टाका. एका दिवसापेक्षा जास्त साठवू नका, वास तिथूनच सुरू होतो. पण एक लक्षात ठेवा, विरघळलेली साखर तळाशी बसत नाही. ती पाण्यात जाऊच द्यायची नाही. भांडी आधी उलथन्याने खरवडा, फरशीवरच्या साली झाडून घ्या, मग पाणी ओता. आधी पाइप सोडायची सवय मोडणं सगळ्यात अवघड, हे मी पाहिलंय. कँडीचा पाक तर फेकूच नका, त्याचं सरबत विकलं जातं.

ताजं तांदळाचं धुवण जनावरांना चालतं. गव्हाचं आंबलेलं पाणी चार-पाच पट साध्या पाण्यात मिसळून झाडांना घाला, पण रोज एकाच झाडाला नको. लोणच्याचं खारं पाणी मात्र मातीत किंवा खतात अजिबात नको, मिठाने जमीन बिघडते. आणि शोषखड्ड्याचा सल्ला कुणी दिला तर थांबा. पिठूळ पाण्याने मातीची छिद्रं बुजतात आणि थोड्याच दिवसांत खड्डा तुंबतो.

ज्या गटांना कर्ज काढून पल्पचं मशीन घ्यायचंय, त्यांनी प्रकल्प अहवालात मशीनच्या खाली सांडपाण्याचा खर्चही लिहावा. काम वाढलं की प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागू शकते, तेही आधी विचारून घ्या. नंतर फरशी फोडून पाइप फिरवायला दुप्पट पैसे जातात.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या मोरीच्या शेवटच्या पाण्याची एक बाटली आणायची आहे. आदल्या दिवशी सकाळी भरा, झाकण सैल ठेवा. उघडून वास बघू आणि तळाशी किती बसलंय ते पट्टीने मोजू.