लस, अफवा आणि शेजारधर्म



फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक व गोव्यात ९ महिने ते १५ वर्षांखालील मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा व्हॉट्सअॅपवरून भलत्याच अफवा पसरल्या. अशा वेळी जे आईबाप मूल मागे ठेवतात, त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्यांच्या नकारामागे तीन चांगली मूल्ये असतात. ती आपण तपासून पाहू.

पहिले मूल्य माया. आपल्या हातून लेकराला इजा होऊ नये, असे आईला वाटते. लशीनंतर ताप किंवा पुरळ येऊ शकते. तीव्र त्रास क्वचितच होतो, आणि त्यासाठीच अर्धा तास केंद्रात थांबवून घेतात. गोवरातून मात्र न्यूमोनिया, मेंदूला सूज आणि मृत्यूही ओढवतो. लस न देणे हाही एक निर्णयच आहे.

दुसरे मूल्य शुद्धता. शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे; त्यात परके काही नको, असे काही जण म्हणतात. परंतु लस ही देवाने शरीरात ठेवलेल्या शक्तीलाच रोगाची ओळख करून देते.

तिसरे मूल्य स्वातंत्र्य. कोविडच्या लशींविषयी २१ डिसेंबर २०२० च्या व्हॅटिकनच्या पत्रकात लस ऐच्छिक असावी असे म्हटले आहे. पण इतरांचे आरोग्य जपण्याचे कर्तव्यही त्यातच सांगितले आहे. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. शेजारच्या तान्ह्या बाळाचे लशीचे वय झालेले नसते. त्याचे रक्षण आपल्या मुलांच्या लशीनेच होते.

बुळकांडी आठवा. गावोगावची जनावरे टोचून घेतली, म्हणून २०११ मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. ‘माझा गोठा वगळा’ असे प्रत्येकाने म्हटले असते, तर ती आजही आपल्या दावणीला असती.

खात्री न करता मजकूर पुढे पाठवणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासारखेच आहे. शंका असल्यास आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावे. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत मिळतो.

कुटुंबात विचार करण्यासाठी :
१. आपल्या मुलांचे दोन्ही डोस झाले आहेत काय?
२. गेल्या महिन्यात आपण खात्री न करता काय पुढे पाठवले?
३. आपल्या निर्णयाचा भार शेजारच्या कोणावर पडतो?