विहिरीवरील मोटर व तिचा फ्यूज

खामगांव तालुक्यांतील पिंपळगांव राजाच्या शिवारांत काय किंवा वऱ्हाडांत इतरत्र काय, विहिरीवरील फ्यूज वारंवार उडूं लागला म्हणजे कित्येक जण जाड तार घालून मोकळे होतात. ह्यांत धोका कोणता, तें थोड्या हिशेबानें कळेल.

1 अश्वशक्ति म्हणजे 746 वॅट; तेव्हां 5 अश्वशक्तीच्या मोटरीचें काम 3730 वॅट झालें. घेतलेल्या विजेपैकीं सुमारें शेंकडा 85 भागच कामीं येतो, म्हणून ती 4390 वॅट ओढते. आतां 415 व्होल्टांस 1.732 नें व पॉवर फॅक्टर 0.8 नें गुणावें; 575 येतात. 4390 ला 575 नें भागिलें असतां प्रवाह 7.6 अँपिअर निघतो. मोटरीच्या पाटीवर आंकडा असल्यास तोच प्रमाण मानावा.

परंतु डीओएल स्टार्टरनें सुरू होतांना मोटर क्षणभर सुमारें सहापट, म्हणजे 45 अँपिअर ओढते. ह्यास्तव 8 अँपिअरचा फ्यूज टिकत नाहीं. साधारणतः 16 किंवा 20 चा लागतो. मग 12 अँपिअर वाहूं लागले तर? फ्यूज शाबूत राहील व मोटर जळेल. फ्यूज हा तारांचा राखणदार होय. मोटरीचा राखणदार स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले. तो पाटीवरील आंकड्यावरच लावावा.

एक फेज गेली किंवा व्होल्टेज उतरलें, तरी चालत्या मोटरीचा प्रवाह वाढतो. अशा वेळीं स्टार्टर ट्रिप होऊं लागल्यास बटण दोरीनें बांधून ठेवणारेही भेटतात! त्यांनीं आधीं तिन्ही फेजांचें व्होल्टेज मोजावें. फ्यूज बदलतांना मेन स्विच बंद करावा, आणि तार पूर्वींच्याच अँपिअरची घालावी.